ऑक्टोबरात दोघांसाठी युरोप: नऊ दिवसांत काय जमेल?

कातरवेळ, ५ एप्रिल

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

मी आणि अहो, दोघंच, ऑक्टोबरमध्ये युरोपला जायचं म्हणतोय. पहिलीच वेळ. हातात दिवस नऊ, त्यातच पोचणं आणि निघणं आलं. दोघंही पन्नाशी ओलांडलेले. यांच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. सपाटीवर तीन-चार किलोमीटर आरामात चालतात, पण पायऱ्या आणि उतार नकोत. मी शाकाहारी, अंडं चालतं. गटाबरोबर जायचं नाही हे पक्कं.

मला पानगळ बघायची आहे. लहानपणी घरी एका कॅलेंडरवर पिवळ्या झाडांमधून जाणाऱ्या रस्त्याचं चित्र होतं. महिना उलटला तरी ते पान मी कुणाला फाडू दिलं नव्हतं. यांना रेल्वेचं वेड.

आत्तापर्यंत जुळवलेला आराखडा: पॅरिस ३ रात्री, स्वित्झर्लंडमधलं लुझर्न २, व्हेनिस १, व्हिएन्ना १, प्राग १. कागदावर बसतंय, पण मनात धाकधूक आहे. स्पष्ट बोला, राग येणार नाही.

रूळ_आणि_रस्ते, ५ एप्रिल

स्पष्ट बोला म्हणालात म्हणून बोलतो. ही सहल नाही, ही सामानाची ने-आण आहे.

गाव बदलायचं म्हणजे काय होतं ते मोजा. सकाळी आवरून, बॅगा भरून साधारण अकरापर्यंत खोली सोडायची. स्टेशन, गाडी, पुन्हा स्टेशन. पुढच्या हॉटेलात खोली मिळते दुपारी दोन-तीनला. म्हणजे प्रत्येक बदलाला दिवसाचा गाभाच जातो. तुमच्या यादीत असे चार बदल आहेत. पोचण्याचा आणि निघण्याचा दिवस वजा केला तर सात उरतात, त्यातले चार असे गेले. त्यात ऑक्टोबरच्या मध्याला व्हिएन्नाच्या अक्षांशावर दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो, महिनाअखेर दहाचा. लोक उन्हाळ्यातले प्रवासवृत्तांत वाचून आखणी करतात. तेव्हा रात्री नऊपर्यंत उजेड असतो, तुम्हाला तो मिळणार नाही.

एक तारीख तर लिहूनच ठेवा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे तिथली घड्याळं तीनवरून दोनवर येतात. त्यानंतर व्हिएन्नात संध्याकाळी पावणेपाचला सूर्य मावळलेला असतो. शक्यतो त्या रविवारच्या आत परत या.

दोन ठिकाणं निवडा, फार तर तीन. बाकी सगळं तिथून सकाळी जाऊन संध्याकाळी परत. यांना रेल्वे आवडते ना? मग रिकाम्या हातांनी गाडीत बसू द्या त्यांना. बॅग सांभाळत खिडकीबाहेर बघता येत नाही.

जुना_भटक्या, ६ एप्रिल

वरचा हिशोब बरोबर आहे, पण मला वेगळं म्हणायचंय. पहिल्यांदा जाताय, पुन्हा योग कधी येईल कुणी सांगावं? पॅरिस सोडू नका. नोत्र-दाम चर्च २०१९च्या आगीनंतर डिसेंबर २०२४मध्ये पुन्हा उघडलं आहे. आत जायला पैसे पडत नाहीत, आणि नव्याने साफ झालेला तो दगड इतका उजळ दिसतो की मी दारातच थांबलो होतो. संग्रहालयांपैकी लूव्र मंगळवारी बंद असतं, ओर्से सोमवारी. लूव्रचं तिकीट युरोपबाहेरच्या लोकांना जानेवारी २०२६पासून ३२ युरो झालं आहे. महाग आहे, तरी मी पुन्हा देईन.

पॅरिस ५, लुझर्न ३. बाकीचं गाळा.

झाडवेडी, ६ एप्रिल

कॅलेंडरचं वाचून राहवलं नाही, म्हणून लिहितेय.

पानगळ बघायची असेल तर आधी झाड ठरवा, मग तारीख, मग गाव. उलटं केलं की लोक हिरव्या झाडांखाली उभे राहून म्हणतात, अजून सुरूच झालं नाही. नाहीतर काड्याच उरलेल्या असतात.

रंग उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि डोंगरावरून खाली उतरत येतो. फिनलंडच्या लॅपलँडमध्ये सप्टेंबरातच सगळं पेटलेलं असतं. मध्य युरोपात ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत. इटलीत टस्कनीकडे त्याहूनही उशिरा. म्हणून व्हेनिस आणि आल्प्स एकाच आठवड्यात घेतलं तर दोन्हीकडे नेमकी वेळ साधणं अवघड.

रंगाबद्दलही आधीच सांगते. डोळ्यांपुढे लालभडक जंगल असेल तर ते उत्तर अमेरिकेत किंवा जपानात. युरोपची पानगळ मुख्यतः पिवळी, सोनेरी, तांबूस. दिवस लहान होतात, थंडी पडते, पानातलं हरितद्रव्य मोडायला लागतं आणि मुळात तिथेच असलेला पिवळा रंग उघडा पडतो. लाल रंग झाडाला नव्याने तयार करावा लागतो, आणि युरोपातली फार थोडी झाडं तो करतात. म्हणजे त्या पिवळ्यात नवीन काही आलेलं नसतं, झाकलेलं होतं ते दिसतं. मला हे कळल्यापासून पिवळं पान जास्त आवडायला लागलं.

मी तुमच्या जागी असते तर लार्च निवडलं असतं. सूचिपर्णी असून पानं गाळणारं झाड. आल्प्समध्ये ऑक्टोबरच्या उत्तरार्धात अख्खा डोंगरउतार सोनेरी होतो, आणि मधली स्प्रूसची झाडं काळसर हिरवी राहतात. उन्हात सुया गळताना सोन्याचा चुरा उडाल्यासारखं दिसतं. खालच्या उतारांवर बीच नावाचं झाड तांब्याच्या रंगाचं होतं, तेही बघा.

शहरांतल्या हॉर्स चेस्टनटच्या रांगांवर मात्र भिस्त ठेवू नका. त्यांच्या पानांना एका बारीक पतंगाची अळी लागते, ती १९८९मध्ये ऑस्ट्रियात पोचली आणि मग युरोपभर पसरली. त्यामुळे ही झाडं पुष्कळ ठिकाणी ऑगस्टमध्येच करपल्यासारखी तपकिरी होतात. व्हिएन्नाच्या प्राटर बागेतला सरळसोट रस्ता चालायला फार छान आहे, सपाट आहे, पण पिवळ्या रंगासाठी तिथे जाऊ नका.

द्राक्षवेल, ७ एप्रिल

झाडवेडी, काय सुंदर लिहिलंय!

माझं मत फ्रान्सच्या पूर्व टोकाच्या अल्सासला. पॅरिसहून स्ट्रासबुर्ग जलद गाडीने पावणेदोन-दोन तास, तिथून कोलमार अर्धा तास. कोलमारमध्ये मुक्काम ठोकायचा. द्राक्षमळ्यांचा रस्ता सुमारे १७० किलोमीटरचा आहे, आणि ऑक्टोबरात वेलींची पानं पिवळी पडली की एगिसहाइम, रिकविर, कायझर्सबेर्ग ही गावं सोन्याच्या ताटात ठेवल्यासारखी दिसतात. गावं छोटी, बहुतेक सपाट, गुडघ्याला त्रास नाही. १८७१ ते १९४५ या काळात या पट्ट्याचा देश चारदा बदलला, त्यामुळे घरं जर्मन वळणाची आणि बोलणं फ्रेंच.

कोलमारच्या उंटरलिंडन संग्रहालयात ग्र्यूनेवाल्ड या चित्रकाराचं इझेनहाइमचं वेदीचित्र आहे, १५१२ ते १५१६ दरम्यानचं. त्वचारोगाने पिडलेल्या माणसांची सेवा करणाऱ्या मठासाठी ते काढलं होतं. म्हणून क्रुसावरच्या ख्रिस्ताचं अंगही जखमांनी भरलेलं आहे. रुग्णाला वाटावं, हा आपल्यातलाच. मी त्या चित्रापुढे बराच वेळ बसून होते.

शाकाहारासाठी सांगते: कांद्याचा टार्ट आणि पातळ पिझ्झासारखं फ्लामकुखन, दोन्हींत बेकनचे तुकडे सर्रास असतात. मागवतानाच विचारा.

कातरवेळ, ८ एप्रिल

सगळ्यांचे मनापासून आभार. झाडवेडींचा प्रतिसाद यांना मोठ्याने वाचून दाखवला. हे म्हणाले, "झाड ठरवा, मग तारीख, मग गाव. पटलं." म्हणजे पॅरिस गेलं. जुना_भटक्या, वाईट वाटून घेऊ नका. पॅरिसला मी घाईत जाणार नाही, हेच त्यामागचं कारण.

लार्च नक्की. पण डोंगर म्हटलं की चढ आलाच ना? गुडघ्याचं कसं करायचं? आणि स्वित्झर्लंडचे दर बघून छातीत धस्स झालं.

नकाशा_उघडा, ८ एप्रिल

लार्च, सपाट रस्ता, रेल्वे आणि आवाक्यातला खर्च या चारही गोष्टी एकत्र हव्या असतील तर ऑस्ट्रियातला झाल्त्सकामरगुट हा तळ्यांचा प्रदेश. व्हिएन्ना ४ रात्री, बाड इशल ३, शेवटची रात्र साल्झबुर्ग, आणि परतीचं विमान म्युनिकहून. जायचं एका शहरात, निघायचं दुसऱ्यातून. त्याच रस्त्याने उलट यायला नको.

बाड इशलच का? हालस्टाट सगळ्यांना माहीत आहे, आठशेसुद्धा वस्ती नसलेलं गाव आणि दिवसा गर्दी ओसंडून वाहते. बाड इशल तिथून गाडीने अर्ध्या तासाच्या आत, नदीकाठचं, सपाट, जुन्या स्नानगृहांचं गाव. ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ योझेफ उन्हाळा तिथे काढायचा. २८ जुलै १९१४ला सर्बियाविरुद्ध युद्धाचा जाहीरनामा त्याने तिथल्याच वाड्यात सही करून काढला. पहिलं महायुद्ध सुरू झालं ते अशा निवांत बागेतून, हे तिथे गेल्यावर अंगावर येतं.

व्हिएन्नाहून आटनांग-पुखहाइमला गाडी बदलायची. तिथून निघणारी लाइन १८७७ची, ट्राउनझे तळ्याच्या काठाकाठाने जाते. यांना सांगा, डावीकडची खिडकी धरा.

आणि लार्चसाठी गोझाउ तळं. साधारण ९३० मीटर उंचीवर. बस थेट तळ्यापाशी सोडते. काठाने रुंद वाट आहे, चढ जवळजवळ नाहीच. समोर डाखश्टाइन डोंगराची हिमनदी आणि तिचं प्रतिबिंब. अर्धी फेरी मारून परत फिरलात तरी काही हुकत नाही. बसगाड्या मोजक्याच आहेत, म्हणून उतरल्या उतरल्या परतीच्या वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा.

रोपवेंबद्दल सावध राहा. ऑक्टोबरअखेरीला पुष्कळ रोपवे देखभालीसाठी बंद होतात, थेट बर्फाच्या हंगामात उघडतात.

रूळ_आणि_रस्ते, ९ एप्रिल

नकाशा_उघडा यांना शंभर टक्के अनुमोदन. तारखांमध्ये एक भर. २६ ऑक्टोबर हा ऑस्ट्रियाचा राष्ट्रीय दिन, दुकानं बंद. लगेच २७ ते ३१ शाळांना शरद सुट्टी. म्हणजे पर्यटनस्थळी तिथलीच कुटुंबं भरपूर. १४ ते २२ ऑक्टोबर घेतलं तर रंग मिळेल आणि ही गर्दी टळेल. त्याआधी म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी संपतो, तोवर त्या बाजूची हॉटेलं हात लावू देत नाहीत.

रविवारी किराणा दुकानंही बंद असतात, फक्त मोठ्या स्टेशनांतली उघडी. शनिवारी पाणी-फळं घेऊन ठेवा. पाण्याचं खरं तर कारणच नाही. व्हिएन्नाच्या नळाला १८७३पासून डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी येतं. बाटली भरून घ्या.

रेल्वे तिकिटं लवकर काढली तर ऑस्ट्रियन रेल्वेची सवलतीची, ठरावीक गाडीचीच तिकिटं मिळतात. गाडी चुकली की तिकीट गेलं, म्हणून बदलायच्या स्टेशनवर मध्ये पुरेसा वेळ ठेवा. गुडघ्याचा माणूस बरोबर असताना आठ मिनिटांत फलाट बदलायचा नसतो.

कागदपत्रं, ९ एप्रिल

व्हिसाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

सगळ्या रात्री ऑस्ट्रियात, तेव्हा शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज ऑस्ट्रियाकडेच. ज्या देशात जास्त मुक्काम त्याच्याकडे अर्ज हा नियम, मुक्काम सारखे असतील तर जिथून आत शिरणार तो देश. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. पण पंधरा दिवसांवर आणून ठेवू नका. फी प्रौढांना ९० युरो, अपॉइंटमेंट केंद्राचे पैसे वेगळे. वैद्यकीय विमा कमीत कमी ३०,००० युरोचा. गुडघ्याची जुनी शस्त्रक्रिया विमा घेताना लपवू नका. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, दोन पानं कोरी.

१२ ऑक्टोबर २०२५पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेऊन नोंद करण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे. पहिल्या वेळी रांगेत वेळ जातो. उतरल्यावर लगेचची गाडी धरू नका.

कार्डाने पैसे देताना यंत्र विचारतं, युरोत की तुमच्या चलनात? नेहमी युरो. दुसऱ्या पर्यायात विनिमयाचा दर ते लावतात आणि तो आपल्याला महागात पडतो.

जुना_भटक्या, १० एप्रिल

वाईट अजिबात वाटलं नाही. घाईत जाणार नाही म्हणालात, ते पॅरिसच्या बाजूचंच बोललात.

मग व्हिएन्नात माझं एक ऐका. कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात ब्रॉयगेल या चित्रकाराच्या खोलीत जा. त्याने १५६५मध्ये वर्षाच्या ऋतूंची चित्रमालिका काढली होती. त्यातली पाच चित्रं उरली आहेत, तीन इथे आहेत. सगळे बर्फातल्या शिकाऱ्यांपुढे गर्दी करतात. तुम्ही गुरं परत आणणाऱ्या माणसांचं चित्र शोधा. शरद ऋतू आहे, वरून काळे ढग येताहेत, झाडं जवळजवळ उघडी, आणि गुराखी कुरणातून गुरं घरी घेऊन चालले आहेत. ऑक्टोबरात सोमवारी हे संग्रहालय बंद असतं.

झाडवेडी, १० एप्रिल

आणि ७१ नंबरच्या ट्रॅमने मध्यवर्ती दफनभूमीत जा. दचकू नका! १८७४मध्ये सुरू झालेली, अडीच चौरस किलोमीटर पसरलेली, जुन्या झाडांची जागा आहे. बेथोव्हेन, शुबर्ट, ब्राम्स या संगीतकारांच्या कबरी तिथे एकमेकींच्या जवळ आहेत. सपाट, शांत, पानांनी भरलेले रस्ते. व्हिएन्नातली पानगळ मला बागांपेक्षा तिथे जास्त भिडली.

हवेचंही सांगते. या दिवसांत तळ्यांच्या खोऱ्यांत सकाळी धुकं साचतं, कधीकधी दिवसभर हलत नाही. त्याच वेळी वर डोंगरात लख्ख ऊन असतं. डोंगरांवरच्या वेबकॅमेऱ्यांची थेट चित्रं सकाळी मोबाइलवर बघा आणि मगच दिवस ठरवा. म्हणून गोझाउसाठी दिवस पक्का करू नका, दोन मोकळे दिवस ठेवा.

कातरवेळ, २ जून

विमान काढलं. १४ ते २२ ऑक्टोबर. व्हिएन्ना ४, बाड इशल ३, साल्झबुर्ग १. व्हिसाची अपॉइंटमेंट मिळाली. हॉटेल घेताना प्रत्येक ठिकाणी लिफ्ट आहे का ते पत्र पाठवून विचारलं. एका ठिकाणी लिफ्ट पहिल्या मजल्यापासून सुरू होते असं उत्तर आलं, ते सोडलं.

कातरवेळ, ४ नोव्हेंबर

परत आलो. ऋण म्हणून सविस्तर लिहितेय.

व्हिएन्नाचे पहिले दोन दिवस पाऊस. ब्रॉयगेलच्या खोलीत दीड तास होतो. मधे बसायला सोफा आहे, त्यामुळे यांनाही बरं वाटलं. जुना_भटक्या, त्या चित्रातला शेवटचा गुराखी पाठमोरा आहे. बाहेर आलो तर अगदी तसलेच ढग. हे म्हणाले, चला, आपणही घरी.

तिसऱ्या दिवशी उघडीप. मेल्कपर्यंत गाडी, तिथून बोटीने डॅन्यूबवरून क्रेम्सकडे. बोट प्रवाहाच्या दिशेने घेतली, उलट दिशेला वेळ जवळजवळ दुप्पट लागतो. दोन्ही काठांचे द्राक्षमळे पिवळे. ड्युर्नश्टाइनला उतरलो. इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९२च्या हिवाळ्यात जिथे कैदेत होता, त्या किल्ल्याचे अवशेष वर आहेत. वाट खडी. हे खाली घाटावर पाण्याकडे बघत बसले, मी एकटी चढले. वरून नदीचं वळण आणि खाली बाकावरचा एक ठिपका दिसला. मी हात हलवला, ठिपक्यानेही हलवला. मोठ्या प्रवासात माझ्यासाठी म्हणून काढलेला तो एक तास होता, आणि तो मागायला मला संकोच वाटला नाही, हेही लिहून ठेवावंसं वाटतं.

खाण्याचे हाल झाले नाहीत. सगळीकडे लाल भोपळ्याचं सूप, चीज घातलेलं श्पेत्सले म्हणजे छोटे नूडल्स, आणि कायझरश्मारन नावाचं तुकडे केलेलं गोड धिरडं. रस्त्यांवर भाजलेले चेस्टनट. सूप मांसाच्या पाण्यात केलंय का ते मात्र रोज विचारावं लागलं.

बाड इशलचा पहिला पूर्ण दिवस धुक्याचा. वेबकॅमेरे पाहिले, गोझाउही पांढरं. मग हालस्टाटला गेलो. स्टेशन तळ्याच्या पलीकडे, गाडीला जोडून बोट. मध्यावर गेल्यावर दोन्ही काठ नाहीसे झाले. मग धुक्यातून आधी चर्चचा मनोरा आला आणि मग घरं एकेक करून. गर्दी होती, पण धुक्यामुळे सगळे हळू बोलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कॅमेऱ्यात निळं आकाश! बाड इशल अजून धुक्यात, बस चढत गेली आणि एका वळणावर ऊन. तळ्यापाशी उतरलो आणि मी काही बोलले नाही. लार्च अगदी सोनेरी, मधे काळपट स्प्रूस, वर बर्फ, आणि तेच सगळं पाण्यात उलटं. वारा सुटला की सुया गळत होत्या. यांच्या टोपीवर, माझ्या शालीवर. झाडवेडी, सोन्याचा चुरा म्हणाला होतात, ते तंतोतंत. अर्धी फेरी ठरवली होती, हे पूर्ण चालले. मधे तीनदा बसलो.

चुकलं काय? साल्झबुर्गची रात्र. बाड इशलहून बस दीड तास, पोचेपर्यंत दुपार, दुसऱ्या दिवशी पहाटे म्युनिकची गाडी. शहर दिसलंच नाही. विमान संध्याकाळचं घेऊन बाड इशलला आणखी एक दिवस राहायला हवं होतं.

झाडवेडी, ४ नोव्हेंबर

डोळे भरून आले. शालीवरच्या सुया झटकल्या नसतील अशी आशा आहे.

वाचनमात्र, ६ नोव्हेंबर

सुंदर वृत्तांत. पुढच्या वर्षी आई-बाबांना पाठवायचंय. गोझाउला वाटेत बसायला बाकं आहेत का? आईला दर वीस मिनिटांनी बसावं लागतं. आणि थंडी किती होती?

कातरवेळ, ६ नोव्हेंबर

बाकं आहेत, पण सावलीतली ओली होती. बरोबर छोटं प्लास्टिक ठेवा. बसमधून उतरलो तेव्हा श्वासाची वाफ दिसत होती, दुपारी उन्हात स्वेटर काढला. थर घालायला सांगा, एकच जाड कोट नको. आईंना हातमोजे द्या, सकाळी काठी धरताना बोटं गारठतात.

झाडवेडी, चार सुया पासपोर्टच्या कव्हरात निघाल्या. यांनी ठेवल्या होत्या.